आमच्या कावळिणी

“अगं, पण कावळे कशाला? एखादा मोर-बिर नव्हता का तिकडे?”

आम्ही ॲडलेड क्रोजची मॅच बघायला निघालोय असं फोनवर सांगितलं, तेव्हा आईने पहिलं हेच विचारलं. आपल्याकडे कावळा आठवतो तो दहाव्याला, पिंडापाशी. इथे मात्र साउथ ऑस्ट्रेलियाच्या माणसांना बाकीचा देश फार पूर्वीपासून ‘क्रो-ईटर’, म्हणजे कावळेखाऊ, म्हणून चिडवत आलाय. १९९० मध्ये इथला फुटीचा क्लब निघाला तेव्हा लोकांनी तेच चिडवणं उचलून छातीवर लावलं. बायकांचा संघ मैदानात उतरला २०१७ मध्ये. आमच्या घरात त्यांना कावळिणीच म्हणतात.

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. हा खेळ क्रिकेटच्या मैदानावर खेळतात, कारण तो जन्मलाच क्रिकेटमुळे. हिवाळ्यात अंग आखडू नये म्हणून मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांनी १८५८-५९ च्या सुमारास तो सुरू केला. चेंडू लांबट, नारळासारखा. तो लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेने मारलेला चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण. म्हणजे नेम चुकला तरी पदरात काहीतरी पडतं. माझ्यासारख्या गणितात कायम काठावर पास होणारीला हा नियम फारच माणुसकीचा वाटला. टॅकल बघून मात्र घरची आठवण आली. ती सरळसरळ कबड्डीतली पकड आहे, फक्त दम धरून कुणी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत नाही.

पुरुषांचे अठरा खेळाडू असतात, बायकांचे सोळा. बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ३ फेब्रुवारी २०१७ ला, मेलबर्नमध्ये, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड. मैदान इतकं भरलं की दारं लावून घ्यावी लागली आणि बाहेर राहिलेल्यांची लीगच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. आठ संघांत आमचा संघ सगळ्यात विचित्र पद्धतीने बांधलेला होता. ॲडलेडने नॉर्दर्न टेरिटरीशी हातमिळवणी केली होती. त्यामुळे काही मुली इथे, तर काही तिथल्या डार्विन शहरात. मधे रस्त्याने तीन हजार किलोमीटर, तेही जवळजवळ सगळं वाळवंट. दोन गट दोन गावांत सराव करणार आणि मॅचला एकत्र येणार. आपल्या सोसायटीच्या नाटकाची तालीम ए विंग आणि बी विंगमध्ये वेगवेगळी केली तरी प्रयोगाला बोंब होते! शिवाय बहुतेकींना पहिल्या हंगामाचे मिळून साधारण ८,५०० डॉलर. एवढ्यात घर कसं चालणार? दिवसा नोकरी नाहीतर कॉलेज आणि संध्याकाळी सराव.

तरी या मुली फायनलला पोचल्या. २५ मार्च २०१७, गोल्ड कोस्ट, समोर ब्रिस्बेन. ॲडलेडचे गोल चार, ब्रिस्बेनचेही चार. पण ॲडलेडचे बिहाइंड अकरा आणि त्यांचे पाच. ३५ विरुद्ध २९. थोडक्यात, पहिलं विजेतेपद आम्ही चुकलेल्या नेमांवर जिंकलं. मला याचा आजही इतका आनंद होतो की विचारू नका. प्रशिक्षक होत्या बेक गॉडर्ड. त्या वर्षी आठ संघांपैकी फक्त दोघांच्या मुख्य प्रशिक्षक बायका होत्या, त्यांतल्या एक.

त्या दिवसाची नायिका होती एरिन फिलिप्स. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं.

एरिनचे वडील ग्रेग फिलिप्स म्हणजे पोर्ट ॲडलेडचे नावाजलेले खेळाडू. पोरगी लहानपणापासून फुटी खेळायची, मुलांच्या संघात, मुलांच्या बरोबरीने. तेरा वर्षांची झाली आणि थांबावं लागलं, कारण त्यापुढे मुलींना मुलांबरोबर खेळू देत नसत, आणि मुलींसाठी पुढे रस्ताच नव्हता. मग ती बास्केटबॉलकडे वळली. वळली म्हणजे किती? ऑस्ट्रेलियाकडून विश्वविजेतेपद, बीजिंग ऑलिम्पिकचं रौप्य, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची दोन विजेतेपदं. आणि एवढं सगळं करून एकतिसाव्या वर्षी ती परत आली, त्याच लांबट चेंडूकडे. पहिल्याच हंगामात लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली, फायनलचीही.

लोक या संघाला ‘झपाट्याने वर आलेला’ म्हणतात, तेव्हा मला हीच मधली अठरा वर्षं आठवतात. या मुली काही शून्यातून उगवल्या नव्हत्या. कुणी बास्केटबॉलमध्ये, कुणी क्रिकेटमध्ये, कुणी सॉकरमध्ये आपापला वेळ काढत होत्या. सहकर्णधार चेल्सी रँडल वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून आली. इथलीच एबनी मॅरिनॉफ तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची, आणि पकडी अशा करायची की आमच्या कराडच्या क्रीडाशिक्षकांनी तिला जिल्ह्याच्या संघात डोळे झाकून घेतलं असतं.

आमच्या शेजारच्या आजी सत्तरीपार आहेत. आजी हे मी मनात म्हणते. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात आणि ते माझ्या जिभेला अजून जमत नाही. त्या इथेच, ॲडलेडच्या प्रॉस्पेक्ट या उपनगरात वाढल्या. भावांबरोबर मागच्या अंगणात बारा वर्षांच्या होईपर्यंत खेळल्या, मग शाळेने नेटबॉलला (बास्केटबॉलसारखाच एक खेळ) घातलं. “नेटबॉल बरा असतो,” एवढंच त्या म्हणतात, आणि कारल्याची भाजी बरी असते असं म्हणताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा होतो. त्यांच्याकडूनच मला कळलं की १९२९ साली ॲडलेड ओव्हलवर बायकांची फुटीची मॅच झाली होती आणि ती बघायला ४१ हजारांच्या आसपास लोक आले होते. मला आधी खरं वाटेना. मग मी शोधून पाहिलं, तर खरंच. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दुकानांतल्या, कारखान्यांतल्या मुली इकडे फुटी खेळत होत्या. म्हणजे गर्दी होती, खेळणाऱ्या होत्या. नव्हती ती फक्त दर वर्षी पुन्हा खेळवण्याची कुणाची इच्छा.

ॲडलेड ओव्हल म्हटलं की आपल्याला आठवतो २००३ चा डिसेंबर. द्रविडची खेळी, आणि त्याआधी आपल्या अजित आगरकरने ४१ धावांत काढलेले ६ बळी. (३६ ऑल आउटसुद्धा इथलंच. तो विषय आपण सोडून देऊ.) माझं इथलं सगळ्यात लख्ख आठवणारं चित्र मात्र २०१९ चं आहे.

३१ मार्च २०१९, रविवार. तिकडे बँकेतला माझा भाऊ मार्च एण्डच्या कामात बुडालेला, आणि इकडे आम्ही आजींना घेऊन कार्लटनविरुद्धच्या फायनलला. प्रवेश फुकट होता, म्हणून लवकर निघालो, तरी पुलावर मुंगीच्या रांगेसारखी माणसं. आजी खुर्चीत बसल्या आणि मैदानाकडे पाठ करून मागचे स्टँड कसे भरताहेत तेच बघत राहिल्या. आकडा पडद्यावर आला, ५३,०३४. त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला. चष्मा डोळ्यांवर होता.

खेळ तसा आमच्या बाजूने एकतर्फी झाला, ६३ विरुद्ध १८. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये एरिन पडली. कुणी ढकललं नाही, काही नाही, गुडघाच दगा देऊन गेला. स्ट्रेचर आलं. त्या एवढ्या मोठ्या मैदानात आधी चिडीचूप, आणि मग एकेक स्टँड उभा राहायला लागला. समोरच्या संघातल्या मुलीही तिच्याजवळ गेल्या. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. तिने विचारलं, “ती जिंकली का हरली?” मला उत्तर सुचेना. आजी म्हणाल्या, “दोन्ही.” सर्वोत्तम खेळाडूचं पदक तिलाच मिळालं आणि ती कुबड्यांवर ते घ्यायला गेली.

त्यानंतरचं भराभर सांगते. २०२० चा हंगाम कोविडने अर्धवट गिळला, विजेता कुणीच नाही. २०२१ ला फायनल याच मैदानावर ब्रिस्बेनकडून हरलो. रँडल डोक्याला मार लागल्यामुळे खेळू शकली नाही. एप्रिल २०२२ मध्ये मेलबर्नला हरवून तिसरं विजेतेपद. आणि मग एरिन गेली, कुठे? पोर्ट ॲडलेडला! म्हणजे आमच्या कट्टर शेजाऱ्यांकडे. वडिलांचा क्लब, त्यांचा नवा संघ, पहिली कर्णधार तीच. आजींनी तिला मोठ्या मनाने माफ केलं. मी केलं नाही. पहिल्या आमने-सामने मॅचमध्ये आमच्या कावळिणींनी पोर्टला धुवून काढलं तेव्हा मी शिट्टी मारली, हे कराडला कळू देऊ नका.

आता लीगमध्ये अठरा संघ आहेत आणि हंगाम उन्हाळ्यातून हलवून ऑगस्टनंतर आणलाय. लेकीच्या क्लबमध्ये मुलींचे संघ इतके वाढले की कपडे बदलायला जागा पुरेना. सुरुवातीची दोन वर्षं पोरी पुरुषांच्या खोलीत, मुताऱ्यांवर टॉवेल टाकून तयार होत होत्या. मी एकदा समितीत विचारलं, तर ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’. वाक्य ओळखीचं वाटलं, अगदी आपल्या नगरपालिकेतलं. शेवटी खोली झाली. रंगाचा वास अजून जात नाही.

लेक आता तेराची होतेय. शनिवारी सकाळी दात घासता घासता मोजे शोधत असते, आणि कुंपणापाशी आजी घडीची खुर्ची घेऊन आमच्या गाडीची वाट बघत असतात. परवा आईचा फोन आला तेव्हा आम्ही मैदानावरच होतो. नवा हंगाम बरोबर पितृपक्षात येतो हे तिने कॅलेंडरवरून हेरून ठेवलंय.

“जिंकले का गं तुमचे कावळे?”

“कावळिणी, आई.”

“तेच ते. पंधरा दिवस तरी त्यांना उपाशी ठेवू नका म्हणावं.”