किनाऱ्यावरचं प्रेत आणि भरतीचं गणित

आज दिवसभर कोकणातल्या छोट्या गावात घडणाऱ्या खुनाच्या कथा वाचल्या. खुनी कोण यावर सगळ्यांनी मेहनत घेतलीय, समुद्राकडे मात्र कुणी नीट पाहिलेलं नाही.

तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला १२च्या आसपास. पुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री खुनी ओल्या वाळूत पावलं उमटवत खडकापर्यंत जाऊच शकत नाही. तिथे तेव्हा उधाणाचं पाणी असतं!

प्रेताचंही तसंच. रात्री टाकलेलं पहाटे तरंगत नाही. ते आधी बुडतं, आत वायू साठला की वर येतं. उन्हाळ्यात साधारण दिवसभराने, थंडीत दोन-तीन दिवसांनी. बुडून मेलेल्याच्या नाकातोंडाशी बऱ्याचदा पांढरा, बारीक, चिवट फेस दिसतो. मारून टाकलेल्याच्या सहसा नाही. तरी संशय उरला तर हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, शोधतात. तुलनेसाठी प्रेत सापडलं तिथलं पाणी घ्यावं लागतं. खाडीत बुडवून प्रेत समुद्रात नेऊन टाकलं, तर दोन्हींतले डायटम वेगळे निघू शकतात. केवढं सुंदर सूत्र, आणि एकाही कथेत नाही.

आणखी एक. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात. त्या दिवसांत 'रात्री ट्रॉलरवरून पाहिलं' म्हणणारा साक्षीदार नको. प्रेत दिसलं की गावात पहिली हाक पोलीस पाटलाला जाते, तोही कथेत हवाच.