अंगणातला टोमॅटो आणि किनाऱ्यावरची थंडी

गोव्यात टोमॅटो बियांपासून वाढवायचा असेल, तर कुंडी कोणती आणि खत कोणते या प्रश्नांच्या आधी पेरणीची वेळ ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या बाजारातला टोमॅटो बराचसा बेळगावकडून घाट उतरून येतो. घाटमाथ्यावरच्या त्या कोरड्या, थंड रात्री किनाऱ्यावर मिळत नाहीत. टोमॅटोला ऊन प्रिय असले, तरी त्याची फळधारणा रात्रीच्या तापमानावर फार अवलंबून असते. रात्री उकाडा टिकून राहू लागला की परागकण दुर्बळ होतात आणि झाड फुलांनी लगडलेले असूनही फुले देठासकट गळून पडतात. आमच्या फोंड्याच्या बाजूला बऱ्यापैकी गार रात्री डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच मिळतात. त्या काळात झाड फुलावर यावे म्हणून चतुर्थी आटोपली की मी बियाणे आणून ठेवते आणि नवरात्राच्या सुमारास पेरणी करते.

अंगणात ऊन भरपूर येते की नाही, हे मे महिन्यात पाहून ठरवू नये. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडील अंगण हिवाळ्यात सावलीत जाते आणि दक्षिणेकडील फरशीवर दिवसभर ऊन खेळते. टोमॅटोला निदान सहा तास थेट ऊन हवे.

बी अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. ते साधारणपणे आठवडाभरात उगवते. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाटासह येणाऱ्या सरींपासून ट्रे छपराखाली ठेवून जपावा लागतो, कारण सतत ओल्या मातीत कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. चार-पाच खरी पाने, म्हणजे पहिल्या दोन बीजदलांनंतरची पाने, फुटली की रोप मोठ्या कुंडीत लावावे, आणि लावताना खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडावे. गाडलेल्या भागालाही मुळे फुटतात.

परंतु गोव्यात टोमॅटोचा खरा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर हा रोग. सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी मान टाकते, संध्याकाळी थोडे सावरते आणि दोन-तीन दिवसांत पाने हिरवी असतानाच कोमेजून जाते. पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी पाणी घालत राहतो. शंका आल्यास बुडाजवळचे खोड कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे: मर असेल, तर काही मिनिटांत कापातून दुधाळ, धुरासारखे धागे खाली उतरताना दिसतात. ते एकदा पाहिले की ओळख कायमची पटते. हा जिवाणू मातीत राहतो, उष्ण, दमट हवेत आणि आपल्या आम्लधर्मी मातीत फोफावतो आणि वांगी, मिरची यांनाही ग्रासतो. त्यावर खात्रीचे औषध नाही. म्हणून बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने विकसित केलेल्या मरप्रतिकारक जाती, म्हणजे अर्का आभा, अर्का आलोक किंवा अर्का रक्षक, यांचेच बी मी निवडते. अर्का रक्षक संकरित असल्यामुळे त्याचे बी राखून ठेवण्यात अर्थ नाही. आभा आणि आलोक यांचे बी घरी धरता येते.

फरसबंद अंगणाचा मोठा फायदा इथेच आहे: कुंडीतील झाडाचा जमिनीशी संबंध तोडता येतो. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे तळाच्या भोकातून मुळे खाली उतरत नाहीत, अंगणातून वाहणारे पाणी आत शिरत नाही आणि तापलेल्या फरशीची झळही कमी लागते. भाटातली, म्हणजे माडांच्या बागेतली, किंवा परसातली माती मी वापरत नाही. काथ्याचा भुसा, चांगले कुजलेले शेणखत आणि धुतलेली नदीची वाळू यांचे मिश्रण करते आणि त्यात लागवडीच्या दोन आठवडे आधी चमचाभर शिंपल्यांचा चुना मिसळते. तरीही पाण्याची वेळ चुकत राहिली, तर फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो; मातीत कॅल्शियम असून तो फळापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असे करू नये. पाणी सकाळी, बुडाशी घालावे, पानांवर नव्हे.

फुले आली की सकाळी दव सुकल्यावर घोसाच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारावी. परागकण पिवळ्या नळीच्या आत असतात आणि हादऱ्यानेच बाहेर पडतात. आडोशाच्या अंगणात वारा कमी पडतो, तिथे एवढ्याने फळधारणेत फरक दिसतो. पांढऱ्या माशीवर मात्र रोज लक्ष ठेवावे लागते, कारण पाने आखडवणारा विषाणू तिच्यामुळेच पसरतो.

मार्चमध्ये उकाडा वाढला की नवी फुले टिकत नाहीत. तेव्हा झाड मुळासकट काढून टाकणेच बरे. त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरची न लावता मी तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, पेरते.