कानटोपीतून

डिसेंबरातल्या एका दुपारी गरम कपडे उन्हात टाकायला गच्चीवर गेलो, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी माझी जुनी कानटोपी सापडली. चॉकलेटी लोकर, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि हनुवटीखाली एक भले मोठे बटण. या बटणाला काज नाही. आईने बटण आधी लावले आणि काजाचे काम उद्यावर टाकले, ते राहूनच गेले. मी ती उलटसुलट करून पाहत होतो, एवढ्यात मुलगी मोबाइल नाचवत वर आली आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी चला माझ्यासोबत. गाणी आहेत, पण आवाज नाही."

तिच्या सांगण्यावरून एवढे समजले की प्रत्येकाला एक हेडफोन मिळतो, ज्याची त्याची गाणी ज्याच्या त्याच्या कानात वाजतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला लोक उगाचच नाचताना दिसतात. मी लगेच होकार दिला, कारण हिवाळ्यात नागपूरकराने कशालाही नाही म्हणू नये, असे माझे मत आहे. मे महिन्यात कूलरसमोरून न हलणारे हे शहर कार्तिक लागला की अंग झटकून उठते, आणि पुढच्या तीन महिन्यांत वर्षभराचे सगळे बघून-ऐकून घेते. कस्तुरचंद पार्कवर काही, रेशीमबागेत काही, क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्राच्या आवारात कुठल्याशा दूरच्या प्रांतातले मुखवट्यांचे नाच. त्यात अधिवेशनही इथेच. विधानभवनाच्या पायऱ्यांवर संत्र्यांच्या आणि कापसाच्या माळा घालून बसलेले आमदार आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यातली सोंगे, यांना करमणूक म्हणणे बरे नव्हे हे मला कळते. पण बांबूच्या कठड्यांपलीकडे सायकल धरून मी तासन् तास उभा राहिलेलो आहे, हेही खरे.

या साऱ्या कार्यक्रमांत माझी एकच अडचण असते आणि ती म्हणजे कान. थंडी मला पायांतून किंवा छातीतून लागत नाही, कानांतून लागते. २०१८च्या २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात मी उघड्या मैदानावर एका गायकाला ऐकत बसलो होतो. कानटोपी घातली की तंबोरा बंद पडल्यासारखा वाटे आणि काढली की कानशिले बधिर होत. अखेर मी विलंबित टोपीसकट आणि द्रुत टोपीविना ऐकावे अशी वाटणी केली. शेजारच्या गृहस्थांना ती रसिकतेची एखादी नवी पद्धत वाटली असावी, कारण थोड्या वेळाने त्यांनीही मफलर सोडला.

पण कानटोपीचे खरे नाते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीशी आहे. मामाचे गाव वडशाच्या पुढे. धान निघाले, हाती पैसा आला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची; दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि उजाडल्यावरच संपते. तोवर पडद्यामागे सोयरिकीसुद्धा जमून गेलेल्या असतात. आम्ही मुले संध्याकाळीच गोणपाटाची बोरे अंथरून जागा धरायचो आणि पहिल्या अंकातच त्यांवर झोपायचो. ऑर्गनच्या सुराने मध्येच जाग यायची, समोर कोणीतरी कोणाचा तरी गळा धरलेला असायचा, आणि मामा हलवून म्हणायचा, "काऊन गा, झोपलास का? आता खरी मजा आहे." खरी मजा म्हणजे काय ते कळायच्या आत मी पुन्हा टोपीच्या आत गेलेलो असे.

मामाची कानटोपी मात्र रात्रभर ताठ असायची. तो भाताच्या गिरणीत कामाला होता, आणि वर्षानुवर्षांच्या त्या घरघरीत त्याचे कान बरेचसे गेले होते, हे मला फार उशिरा कळले. एका पहाटे आम्ही घरी आलो, मामी चुलीपाशी होती आणि तिने नेहमीप्रमाणे विचारले, "काय झालं जी नाटकात?" मामाने दोन्ही तळहात विस्तवावर धरून सगळे सांगितले. थोरल्या भावाने शेत का बळकावले, धाकटा घर सोडून कसा गेला, आणि शेवटी थोरल्याने त्याला स्टेशनावरून कसे परत आणले. त्या रात्री मी अपवादाने जागा होतो. नाटकात धाकटा परत आलाच नव्हता. म्हातारी त्याची वाट पाहत अंगणातच गेली होती, आणि बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत होते. मी तसे सांगू लागलो, तर मामीने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला आणि डोळ्यांनीच गप्प बसवले. मग मामाकडे वळून म्हणाली, "बरं झालं, आणलं ते."

शनिवारी आम्ही त्या बिनआवाजाच्या कार्यक्रमाला गेलो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला नियमांची बंदी आहे, वर्षातले मोजके दिवस तेवढी सूट असते. त्यातून ही पळवाट निघाली असावी. हेडफोनवर लाल, हिरवा, निळा असे दिवे होते आणि प्रत्येक रंगाचे गाणे वेगळे. मी ते कानटोपीवरूनच चढवले, तेव्हा वाटप करणारा मुलगा म्हणाला, "काका, टोपी काढा, नाही तर काही ऐकू येणार नाही." काढली. आवाज इतका जोरात आला की मी हेडफोन एका कानावरून सरकवला, आणि तेव्हा मैदानातला खरा आवाज कानी पडला. वाळक्या गवतावर घासणारे शेकडो पाय आणि तीन वेगवेगळी गाणी एकाच वेळी, बहुतेक बेसूर, गुणगुणणारी माणसे. दूरवर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. हे मला हेडफोनमधल्या गाण्यापेक्षा कितीतरी आवडले. मी हेडफोन गळ्यात अडकवला, कानटोपी पुन्हा घातली आणि मुलीच्या शेजारी उभा राहून तिच्या तालावर मान हलवू लागलो. तिचा दिवा हिरवा होता, माझा लाल.

परतताना स्कूटरवर तिने विचारले, "कुठलं गाणं आवडलं?" मी एक जुने गाणे सांगितले. तेवढ्या थंडीतही ती मागे वळून पाहू लागली, आणि मी तिला समोर बघायला सांगितले.

"ते नव्हतंच, बाबा."

"असेल," मी म्हटले, आणि हनुवटीखालचे बटण उगाचच चाचपत राहिलो.