टक्का कशाचा आणि किती आठवड्यांचा?

वजन कमी करणाऱ्या औषधांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, हा सगळा कंपन्यांचा धंदा. दुसरा म्हणतो, लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर अखेर औषध मिळालंय, मग कुणाच्या पोटात का दुखावं? दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. सेमाग्लुटाइड आणि टर्झेपटाइड ही आठवड्याला टोचायची नवी औषधं काम करतात, याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही. पण औषध चालतं म्हणून त्याच्याबद्दलचा प्रत्येक आकडा सरळ असतो असं नाही. आकडा सहसा खोटा नसतोच. तो कुठून कापून आणलाय, हे तपासावं लागतं.

आकडा कसा कापतात ते कॉन्ट्रेव्ह या गोळीच्या गोष्टीत फार स्पष्ट दिसतं. नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपियॉन ही दोन जुनी औषधं एकत्र करून ही गोळी झाली आणि २०१४ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तिला मंजुरी दिली. हृदयाला धोका वाढत नाही ना, हे पाहायला ८,९१० जणांवर चाचणी चालू होती. अशा चाचणीत मधले आकडे मोजक्याच लोकांनी पाहायचे आणि गुप्त ठेवायचे असतात. कारण अर्धवट आकडा फुटला की रुग्ण, डॉक्टर आणि शेअर बाजार तिघेही त्यावर वागायला लागतात. मार्च २०१५ मध्ये ही गोळी बनवणाऱ्या ओरेक्सिजेन कंपनीच्या पेटंटमधून नेमका तोच आकडा बाहेर आला. अपेक्षित घटनांपैकी पाव घटना झाल्या होत्या तेव्हा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत ५९ आणि औषध घेणाऱ्यांत ३५ जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला होता. म्हणजे धोका ४१ टक्के कमी! वजनाची गोळी हृदयही वाचवते, अशी बातमी व्हायला आणखी काय हवं?

नंतर घटना निम्म्यापर्यंत पोचल्या तेव्हा हिशेब झाला प्लासिबो १०२, औषध ९०. आता साधी वजाबाकी करा. दुसऱ्या टप्प्यात प्लासिबोवर ४३ घटना, औषधावर ५५. पहिल्या टप्प्यातला फायदा दुसऱ्यात उलटला होता, कारण इतक्या थोड्या घटनांत नशिबाचा वाटा मोठा असतो. दरम्यान चाचणीची गुप्तता मोडलेली असल्याने ती मुदतीआधीच बंद करावी लागली. पैसा गेला, वेळ गेला, आणि मूळ प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळालंच नाही. पहिला आकडा खोटा नव्हता बरं का. तो फक्त सोयीच्या दिवशी उचललेला होता.

हेच डोळे घेऊन 'सेमाग्लुटाइडने वजन १४.९ टक्के उतरतं' या आकड्याकडे बघू. हा आकडा स्टेप १ या चाचणीचा. १,९६१ प्रौढ, ६८ आठवडे, आठवड्याला २.४ मिलिग्रॅम. पहिलं बघायचं ते प्लासिबो गटाचं काय झालं: त्यांचं वजन २.४ टक्के उतरलं. दोन्ही गटांना दिवसाला ५०० कॅलरी कमी खाण्याचा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचा सल्ला होता. तेव्हा औषधाचा स्वतःचा वाटा साडेबारा टक्क्यांच्या आसपास. शंभर किलोच्या माणसाला साधारण साडेबारा किलो, हे कमी नव्हेच. दुसरं, ही सरासरी आहे. जवळजवळ एक तृतीयांश लोकांचं वजन २० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं, तर सातांतल्या एकाचं पाच टक्केही उतरलं नाही. जाहिरातीत दिसतो तो पहिल्या गटातला. तिसरं, या चाचणीत मधुमेह असलेले लोक घेतलेच नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी झाली, तिथे आकडा ९.६ टक्क्यांवर आला. मधुमेह असलेल्या माणसाने पंधरा टक्क्यांची आशा धरली आणि नऊवर अडकला, तर दोष त्याच्या जिभेचा नसतो.

हृदयाच्या बाबतीत 'धोका २० टक्क्यांनी घटला' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. सिलेक्ट या चाचणीतून ते आलं: १७,६०४ लोक, सगळे आधीपासून हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेले, मधुमेह नसलेले, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २७ किंवा जास्त. सरासरी चाळीसेक महिन्यांत प्लासिबो गटात शंभरातल्या ८ जणांना मोठी घटना झाली, औषधाच्या गटात साडेसहा जणांना. आठाचे साडेसहा म्हणजे सुमारे २० टक्के घट, बरोबर. पण शंभरामागे दीड माणूस वाचला, हेही तितकंच बरोबर. एका माणसाची घटना टाळायला ६७ जणांनी तीन वर्षांहून जास्त काळ दर आठवड्याला टोचून घ्यायचं. हृदयरोग असलेल्यासाठी हा सौदा चांगला आहे असं आमचं मत. पण ज्याला हृदयाचा काहीच त्रास नाही त्याला हाच २० टक्के ऐकवणं म्हणजे दुसऱ्याचं मोजमाप त्याच्या अंगाला लावणं. आणि त्याच चाचणीत त्रासामुळे औषध सोडणारे प्लासिबोपेक्षा दुप्पट होते, १६.६ विरुद्ध ८.२ टक्के. हा आकडा मथळ्यात येत नाही.

औषध बंद केल्यावर काय होतं, हा प्रश्न दवाखान्यात पहिल्याच दिवशी विचारायचा. स्टेप १ मधल्या ३२७ जणांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. औषध चालू असताना त्यांच्यातल्या सेमाग्लुटाइड घेतलेल्यांचं वजन १७.३ टक्के उतरलं होतं. थांबवल्यावर एका वर्षात त्यातले ११.६ परत आले. कारण सरळ आहे: हे औषध जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर काम करतं. ते रक्तातून गेलं की भूक आपल्या जागी परत येते. म्हणून 'दीर्घकाळ घ्यावं लागेल' हे शास्त्र म्हणूनही खरं आणि कंपनीच्या ताळेबंदासाठीही गोड. इथे हितसंबंध आणि सत्य एकाच दिशेला जातात, आणि अशा वेळी माणूस गाफील राहतो.

आता पैशाकडे. डॉक्टरला पाकीट देऊन औषध लिहून घेतात, असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात पैसा फार सभ्य वाटेने जातो: व्याख्यानाचं मानधन, सल्लागार मंडळाचं शुल्क, परिषदेचा प्रवास, जेवण, रुग्णसंघटनांना देणग्या, मोफत अभ्यासक्रम. रॉयटर्सने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक नोंदी चाळल्या तेव्हा सेमाग्लुटाइड बनवणाऱ्या नोवो नॉर्डिस्कने दशकभरात तिथल्या वैद्यकीय व्यावसायिकांना लठ्ठपणाच्या औषधांसंदर्भात किमान २.५८ कोटी डॉलर दिल्याचं दिसलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनच्या औषध उद्योग संघटनेने याच कंपनीचं सदस्यत्व दोन वर्षांसाठी निलंबित केलं. कारण काय, तर वजन नियंत्रणाच्या एका प्रशिक्षणामागे कंपनीचा पैसा आहे हे पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं आणि मजकूर कंपनीच्या औषधाच्या बाजूने झुकलेला होता. ही कारवाई कुणा चळवळ्यांनी नाही, उद्योगाच्या स्वतःच्या संघटनेने केली.

अमेरिकेतल्या डॉक्टरचं नाव ओपन पेमेंट्स या सरकारी संकेतस्थळावर टाकलं की कुठल्या कंपनीने किती दिले ते दिसतं. वाचताना एक चूक सगळे करतात: मोठा आकडा दिसला की बोंब. 'संशोधन' या सदरातली रक्कम बहुतेक वेळा चाचणी चालवण्याचा खर्च असतो आणि तो संस्थेकडे जातो. 'सर्वसाधारण' सदरातली व्याख्यान आणि सल्ल्याची रक्कम मात्र व्यक्तीच्या खिशात पडते. बघायचं ते दुसरं सदर, आणि तेही एकाच कंपनीकडून वर्षानुवर्षं येतंय का.

रोगाची व्याख्या कोण ठरवतं, हा याहून जुना वाद. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये 'जास्त वजना'ची रेषा बीएमआय २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता रेषेपलीकडे गेले. लठ्ठपणाच्या धोरणावर वजन असलेल्या इंटरनॅशनल ओबेसिटी टास्क फोर्सला त्या काळात रोश आणि अॅबट या औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता. दोघींचीही वजनाची औषधं होती: एकीची झेनिकल, दुसरीची मेरिडिया. पैसा आला म्हणून रेषा आपोआप चुकीची ठरत नाही, २५ च्या बाजूने पुरावेही आहेत. २०१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने लठ्ठपणाला आजार म्हटलं, ते मात्र स्वतःच्याच शास्त्रीय समितीचा सल्ला बाजूला ठेवून.

जुनी औषधं कशी बुडाली ते पाहिलं की धोका उशिरा का कळतो हे समजतं. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही जोडी अमेरिकेत गाजली ती १९९२ मध्ये छापलेल्या १२१ जणांच्या अभ्यासावर. दोन्ही औषधांना वेगवेगळी मंजुरी होती, जोडीला कधीच नव्हती. ऑगस्ट १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात या जातीच्या औषधांमुळे फुफ्फुसांतला रक्तदाब वाढण्याचा धोका छापून आला. त्याच अंकात धीर देणारा संपादकीय लेखही होता. त्याच्या लेखकांनी कंपन्यांचे सल्लागार म्हणून पैसे घेतल्याचं नंतर उघड झालं. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळत असल्याचं दाखवलं आणि सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन मागे घेतलं गेलं. आधी का नाही दिसलं? कारण चाचण्यांत वजनकाटा होता, इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) नव्हता. झडप बरेच दिवस मुकाट्याने गळते.

फ्रान्सने यातून शिकायला हवं होतं. सर्व्हिए कंपनीचं मेडिएटर हे औषध शरीरात गेल्यावर नॉरफेनफ्लुरामिनमध्ये बदलतं, म्हणजे फेनफ्लुरामिन ज्यात बदलतं त्याच द्रव्यात, पण ते मधुमेहाचं जोडऔषध म्हणून नोंदलेलं होतं आणि वजनासाठी सर्रास लिहिलं जायचं. १९७६ ते २००९, तेहतीस वर्षं. त्याचं शास्त्रीय नाव बेनफ्लुओरेक्स. औषधांच्या आंतरराष्ट्रीय नामकरणात 'ओरेक्स' हे शेपूट भूक मारणाऱ्या औषधांना लावतात. म्हणजे ओळखपत्र कपाळावरच चिकटवलेलं होतं, वाचलं कुणी नाही. ब्रेस्टच्या फुफ्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी झडपांच्या रुग्णांची प्रकरणं गोळा करून पाठपुरावा केला तेव्हा ते बाजारातून गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला गंभीर फसवणूक आणि सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. औषध नियामक संस्थेलाही दंड झाला.

आजची औषधं या जातीतली नाहीत आणि त्यांच्या चाचण्या कितीतरी मोठ्या आहेत. त्यांचा रोजचा धोका आता वेगळ्या जागी आहे: किमतीमुळे उघडलेल्या चोरवाटांवर. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत ओझेम्पिक या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनची महिन्याची किंमत तिथे ९६९ डॉलर आणि जर्मनीत ५९ डॉलर असल्याचं मांडलं गेलं. त्याआधी येलच्या संशोधकांचा अंदाज आला होता की हे औषध महिन्याला पाच डॉलरच्या आत बनू शकतं. एवढी दरी असली की माणसं व्हायलकडे, म्हणजे फार्मसीने स्वतः तयार केलेल्या औषधाच्या छोट्या बाटलीकडे वळतात.

आणि व्हायलमध्ये चूक होते ती दशांशाची. कंपनीचं इंजेक्शनचं पेन ठरलेला डोस स्वतः मोजतं: पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. औषध स्वतः तयार करून देणाऱ्या फार्मसीची व्हायल सुटी असते, सिरिंज इन्सुलिनची, आणि तिच्यावर खुणा 'युनिट'च्या: १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. व्हायल १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमची असेल तर ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिलिटर, म्हणजे फक्त ५ युनिट. तीच व्हायल अडीच मिलिग्रॅमची असेल तर १० युनिट. पहिली संपून दुसरी आली, तीव्रता बदलली आणि हाताला जुनी सवय राहिली, की डोस अर्धा किंवा दुप्पट होतो. ५ ऐवजी ५० च्या खुणेपर्यंत ओढलं तर पहिल्याच दिवशी २.५ मिलिग्रॅम जातं, सतराव्या आठवड्याच्या डोसपेक्षाही जास्त. एफडीएने २०२४ मध्ये इशारा दिला तो पाच ते वीस पट डोस गेलेल्या अशाच प्रकारांबद्दल.

म्हणून लेबलवर तीन गोष्टी एकत्र लिहिलेल्या हव्यात: मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट. फक्त युनिट लिहिलं असेल तर फार्मसिस्टकडून तिन्ही लिहून घेतल्याशिवाय टोचायचं नाही. आणि जास्त गेलंच, तर 'उद्यापर्यंत उतरेल' म्हणून वाट बघू नये. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो. उलट्या तितके दिवस चालू शकतात आणि पोटात पाणी ठरलं नाही तर मूत्रपिंडांवर ताण येतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि जाताना व्हायल आणि सिरिंज दोन्ही बरोबर न्यायची.