आमची वाटचाल: आधी एक फेरी बसून बघायची

आम्ही दोघं मूळचे एसी दुरुस्तीतले. उन्हाळ्यात मान वर करायला फुरसत नसायची आणि थंडीत हात रिकामे, म्हणून हीट पंपाची, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून घर तापवणाऱ्या मशीनची, कामं घ्यायला लागलो. भागीदार म्हणाला, "त्यात काय, एसीच तो, गॅस उलटा फिरवणारा फोर-वे व्हॉल्व्ह जास्तीचा." या वाक्याची किंमत आम्ही पुढचे दोन हिवाळे फेडत होतो.

तक्रार ठरलेली असायची: आतून गार हवा येतेय, बाहेरचं युनिट बर्फाने भरलंय. आम्ही जायचो, गेज लावायचो, दाब कमी दिसला की गॅस भरून मोकळे. बाहेरची कॉइल, म्हणजे हवेतून उष्णता घेणारी नळ्यांची जाळी, बर्फाने बुजलेली असताना दाब कमीच दिसणार, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. तीच गिऱ्हाइकं उन्हाळ्यात परत फोन करायची, मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होतंय म्हणून. जास्तीचा गॅस आमचाच. आता गळती सापडून बुजवल्याशिवाय आणि सगळा गॅस काढून, वजनकाट्यावर मोजून परत भरल्याशिवाय थंडीत कुणाच्या मशीनला गॅस लावत नाही.

डोळे उघडले ते एका घरात. तिथं पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा बोर्ड, दोनदा बदलला, दुसरा तर आमच्या खिशातून. हवा शून्याखाली गेली की डिफ्रॉस्ट (मशीन थोडा वेळ उलटं चालून बाहेरचा बर्फ वितळवतं तो) सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांची मुदत संपेपर्यंत चालतच राहायचा. हवा ३ अंशांवर असली की मात्र डिफ्रॉस्ट व्हायचाच नाही आणि युनिटचा बर्फाचा ठोकळा व्हायचा. तिसऱ्या खेपेला भागीदार सुटा भाग आणायला गेला आणि मी पालथ्या बादलीवर बसून राहिलो. वेळ जाईना म्हणून कॉइलवर कोमट पाणी ओतत होतो. बर्फ उतरला तशी आतून एक वायर लोंबकळत बाहेर आली. कॉइल किती गार आहे हे बोर्डाला सांगणारा सेन्सर क्लिपमधून निसटून हवेत लटकत होता. कॉइल शून्याच्या बरीच खाली, पण सेन्सर हवेचं तापमान सांगणार; मग बोर्डाला वाटणार सगळं ठीक आहे. शून्याखालच्या हवेत डिफ्रॉस्ट लागायचा खरा, पण लोंबकळता सेन्सर तापणार कसा? म्हणून तो मुदतीवरच थांबायचा. क्लिप खालच्या ट्रेमध्ये बर्फात रुतलेली मिळाली. ती बसवली, वर इन्सुलेशन गुंडाळलं, काम संपलं. बिल काय लावायचं, यावर आम्ही गाडीत बराच वेळ गप्प होतो.

तेव्हापासून नियम आहे: पान्हा हातात घेण्याआधी डिफ्रॉस्टची एक पूर्ण फेरी बसून बघायची. गाडीत त्यासाठी दोन घडीची स्टुलं असतात. नव्या पोरांना वाटतं मालक आळशी आहे.

निरोगी मशीन काय करतं ते एकदा नीट बघितलं की बिघाड ओळखू येतो. कॉइलवर पांढरा थर सगळीकडे सारखा चढतो. मग बाहेरचा पंखा थांबतो, फोर-वे व्हॉल्व्ह 'फुस्स' करून उलटतो आणि गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये येतो. थर विरघळून पाणी वाहतं, वाफेचा लोट उठतो आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत. (वाफेला धूर समजून 'मशीन पेटलं' असे फोन दर हिवाळ्यात येतात. आम्ही हसत नाही, लांबून खरंच तसंच दिसतं.) थर फक्त खालच्या पट्ट्यात आणि वरची कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. पंखा थांबला, व्हॉल्व्हच्या विजेच्या कॉइलचं व्होल्टेज बदललं, तरी फुस्स नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय. वरचं सगळं साफ पण तळाला दर वेळी बर्फ वाढतोय, तर ट्रेची भोकं बुजलीत, नाहीतर ट्रेचा हीटर गेलाय. ते पाणी वेळेत गेलं नाही तर बर्फ पंख्याच्या पात्यांपर्यंत चढतो. हातोडीने बर्फ फोडलेली एक कॉइल आम्ही दुकानात टांगून ठेवली आहे.

दुसरी सुधारणा बायकोची. फोन तीच घ्यायची, आणि तिने तक्रारवहीत बाहेरच्या तापमानाचा रकाना स्वतःहून आखला. हिवाळ्याअखेर वही समोर टाकून म्हणाली, "कडाक्याच्या थंडीत बर्फाचे फोन कमीच आहेत बघा." खरंच, बहुतेक तक्रारी ० ते ५ अंशांतल्या, धुक्याच्या, ओलसर दिवसांच्या होत्या. कारण साधं आहे: कडाक्याची हवा कोरडी, तिच्यात थर चढायला ओल कुठली? आता धुक्याचे, ओलसर दिवस आले की आम्ही दुसरी कामं पुढे ढकलतो.

कडाक्याच्या दिवसांची तक्रार वेगळी, 'घर तापत नाही.' तिथं डिफ्रॉस्टचा दोष बहुधा नसतो. कॅटलॉगवर छापलेली क्षमता साधारण ७ अंशांच्या हवेतली असते, उणे ७ ला ती बरीच उतरते. घर किती उष्णता गमावतं याचा हिशेब न करता बसवलेलं मशीन तिथं दम सोडणारच. हा हिशेब आधी करतो म्हणून काही कामं हातची जातात. गेली.

पाण्याच्या रेडिएटरवर, म्हणजे खोल्यांतून गरम पाणी फिरवून, चालणारी यंत्रणा आम्ही उशिरा घेतली, आणि तिथं परत शिकाऊ झालो. एका घरात वीज वाचवायला सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद, उघडी एकच खोली. डिफ्रॉस्टला लागणारी उष्णता रेडिएटरच्या पाण्यातून येते. फिरणारं पाणीच थोडं असेल, तर ते गार पडतं आणि मशीन एरर देऊन थांबतं. आमच्या पोराने सेन्सर तपासले, फोर-वे व्हॉल्व्ह तपासला, सगळं ठीक. शेवटी स्टूल घेऊन घरात, पाइपाशी बसला. दोन खोल्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून आला आणि वहीत लिहिलं, 'भाग बदलले: काही नाही.'

बायकोने त्यापुढे तापमान लिहिलं, २ अंश, आणि पुढचा फोन उचलला.