फाटलेली लांब पोळी

नागपुरात रस्त्याच्या कडेला चुलीवर उपडं मडकं दिसलं की बघ्यांचा घोळका ठरलेला. बाई सैलसर कणकेचा गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर झुलवते. बघता बघता तो कोपरापर्यंत लोंबतो आणि पुढच्या क्षणी मडक्यावर जाऊन पडतो. हीच लांब पोळी. बघणारा म्हणतो, "काय हात आहे!" हात आहेच. पण त्या हाताला एवढा धीर कुठून आला, हे पाहायचं असेल तर नजर परातीकडे न्यावी.

गहू बहुतेक घरी लोकवन. दळण बारीक आणि पीठ सुती कापडातून गाळलेलं. साध्या चाळणीवर भागवलं तर कोंडा राहतो, आणि ताणून पातळ झालेल्या कणकेला तो जागोजागी चिरतो. किलोभर पिठाला दोन सपाट चमचे मीठ आणि आधी फक्त अर्धा लिटर पाणी. घट्ट गोळा झाकून अर्धा तास विसरून जायचा. मग अर्धी-अर्धी वाटी पाणी घालत कणीक मळायची नाही, आपटायची. उचलायची, ताणायची, परातीत आपटायची, दुमडायची. प्रत्येक वेळी पाणी घातलं की कणीक बोटांतून सटकते, परातीत नुसता चिखल दिसतो. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो आणि मूठभर कोरडं पीठ पडतं. झालं! ते पीठ मुरलेलं नसतं, गाठी धरतं, आणि पुढे पोळी नेमकी त्या गाठीपाशी फाटते. आणखी पाच मिनिटं आपटलं असतं तर पाणी मुकाट आत गेलं असतं. किलोला पाऊण लिटर किंवा थोडं वर पाणी लागतं. पावसाळ्यात पीठ आधीच दमट असतं, म्हणून जरा कमी.

झाली की नाही, हे ठरवायला अनुभवी बाईच हवी असं नाही. लिंबाएवढा गोळा बोटांनी हळूहळू ताणून उजेडासमोर धरायचा. फाटायच्या आत पलीकडची बोटं दिसली तर कणीक तयार. एवढं दिसलं की निम्मी भीती तिथेच जाते, कारण आता प्रश्न फक्त हातांचा उरतो.

लगेच पोळी करायला मात्र बसू नये. गव्हातल्या ग्लुटेनिन या प्रथिनामुळे कणीक मागे ओढते, ग्लायडिन या दुसऱ्या प्रथिनामुळे ती लांबते; आपटून आपटून ओढ वाढलेली असते. अर्धा-पाऊण तास विसावा दिला नाही तर ताणलेली पोळी रबरासारखी परत आखडते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना या वेळात कणकेवर कोरडी साय धरते. म्हणून ओलं फडकं हवं, आणि पंखा बंद. घाम येऊ द्या.

शिकणारीचा हात अडखळला की शेजारची म्हातारी म्हणते, "काहून घाबरून राहिली व? टाक ना!" हे नुसतं धीर देणं नव्हे. कणीक हवेत असते तोवर स्वतःच्या वजनानं लांबतच असते. तुम्ही विचार करत थांबलात की खालची बाजू पातळ होते आणि सुटते. म्हणजे घाबरल्यामुळे पोळी फाटते हे अक्षरशः खरं आहे. हातांची लय बसवायला आधी ओल्या पंचाचा चौकोन या हातावरून त्या हातावर झुलवून पाहावा. कापड ताणलं जात नाही, त्यामुळे त्यातून जाडी-पातळीचं काही कळत नाही. पण मनगटं मोकळी होतात.

आता फाटलेल्या पोळीकडे वळू, कारण सगळं शिक्षण तिच्यात आहे. ती घाईघाईनं गोळा करून परत मळणं हा शुद्ध वेडेपणा. आधी फाटली कुठे ते बघा. मध्येच भोक पडलं तर काठ जाड ठेवून मधला भागच ताणला गेला. पुढच्या वेळी बोटांच्या टोकांऐवजी तळहात आणि मनगटावर झेला. काठाकडून चीर गेली तर विसावा कमी पडला. बारीक बारीक छिद्रं म्हणजे कोंडा. हाताला चिकटून फाटली तर एक तर आपटणं अपुरं किंवा तळहात कोरडे; पाण्याचं भांडं जवळ हवं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं सुधारलं हे कळत नाही.

मडक्याचा ताप बघायला चिमूटभर पीठ भुरभुरवा. पाच-सहा सेकंदांत तांबूस झालं तर ठीक. लगेच काळं पडलं तर लाकडं मागे ओढा. पांढरंच राहिलं तर थांबा, कारण कोमट मडक्यावर पोळी चिकटते आणि वाळून पापड होते. पुसायचं फडकं घट्ट पिळलेलं हवं. तापल्या मातीवर गार पाणी ओतलं की मडकं तडकतं, आणि त्याबरोबर जेवणाचा बेतही.

पहिली पोळी गायीची, ही रीत या बाबतीत फार सोयीची आहे. पहिल्या पोळीनं आच कळते, ती बिघडली तरी कोणी नाव ठेवत नाही. ज्या दिवशी पाटवडीचा रस्सा आणि वीस पाहुणे आहेत, त्या दिवशी मात्र शिकायला बसू नये. त्यासाठी अर्धा किलो पीठ आणि घरचीच माणसं असलेला एखादा साधा रविवार बरा. फाटलेल्या पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची घालून कुस्करा होतो, आणि तो इतका झकास लागतो की काही घरांत पोळ्या मुद्दामच फाडतात की काय, असा संशय येतो.