पावत्या पंचवीस, नाव एकच

भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी लॅपटॉप घेऊन आली. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी नोंदवायला तिने जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. पावत्या ठेवायला जावातली तयार यादी, ॲरेलिस्ट, वापरली होती. पंचवीस जणांची नावं आणि रकमा भरल्या, यादी छापली, तर सगळ्या ओळींत शेवटच्याच माणसाचं नाव. "मामा, लिस्ट बिघडलीय," म्हणाली. अगदी रडवेली झाली होती.

लिस्ट ठणठणीत होती. 'न्यू पावती' ही नवी पावती तयार करणारी ओळ तिने लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या बाहेर, एकदाच लिहिली होती. आत नुसतं नाव बदलायचं, रक्कम बदलायची आणि ॲड करायचं. मी वहीत चौकटी काढल्या. ॲरेलिस्टमध्ये वस्तू राहत नाही गं, वस्तूचा पत्ता राहतो. पंचवीस पाकिटांवर एकाच घराचा पत्ता लिहिलास, तर दार दर वेळी तोच माणूस उघडणार. तिने ती ओळ लूपच्या आत नेली आणि यादी नीट आली.

मी शिकताना याच चुकीत दोन दिवस घालवले होते. क्लासमध्ये ॲड, गेट, रिमूव्ह, साइझ पाठ करून घेतलं, पण आत काय राहतं ते कुणी सांगितलं नाही. मला वाटतं, पहिल्या तासाला तेच सांगायला हवं.

मग तिने विचारलं, ॲरेला, म्हणजे ओळीने मांडलेल्या ठरावीक जागांना, आकार आधी सांगावा लागतो, मग ॲरेलिस्टला का नाही? हिच्या पोटातही साधा ॲरेच असतो. ओपनजेडीके या जावाच्या मुक्त आवृत्तीमध्ये रिकाम्या लिस्टला पहिल्या ॲडला 10 जागा मिळतात. अकरावी पावती आली की 15 जागांचा नवा ॲरे, मग 22, मग 33. म्हणजे दर वेळी साधारण दीडपट. तिच्या पंचवीस पावत्यांसाठी हे तीनदा घडलं. दर वेळी नव्या ॲरेत गेले ते फक्त पत्ते, पावत्या होत्या तिथेच राहिल्या.

हे कळल्यावर 'कंटेन्स'चं, म्हणजे एखादी पावती यादीत आहे का ते विचारणाऱ्या आज्ञेचं, कोडंही सुटलं. तेच नाव, तीच रक्कम घालून नवी पावती केली, तरी उत्तर 'फॉल्स', म्हणजे 'नाही', येत होतं. दोन वस्तू सारख्या कधी मानायच्या ते सांगणारं 'इक्वल्स' आपण लिहिलं नाही, तर जावा फक्त पत्ते ताडून बघतं.

"मग फ्लॅट नंबर सारखा असेल तर पावती तीच, असं लिहू?" तिने विचारलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात तीच थांबली. "पण एकाच घरातून आजोबांनी वेगळी वर्गणी दिली तर?"

तिने फ्लॅट नंबर खोडला आणि पावती क्रमांक लिहिला.